सावडीचा तास

कोळवण, २२ जून

इंद्रजित,

आशीर्वाद आहेतच, ते काही भांडणानं कमी होत नाहीत. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा. पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकीन. निळ्या खुणा दिसल्या की वाचलंस असं समजेन. उत्तराची सक्ती नाही.

उत्कर्षा बरी आहे. सुरुवातीला दिवा चालू ठेवून झोपायची, आता बंद करते. सोमवारपासून माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात आठवीला बसते आहे. घरात आत्या आणि शाळेत बाई, हे तिनं आपणहून ठरवलं. पण एकदा वर्गात तोंडातून "आत्या" निघून गेलं, तर अख्खा वर्ग दिवसभर मला आत्या म्हणत होता.

मस्कतच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी तिला शब्द फुटला नाही आणि त्यांनी घेतलं नाही, म्हणून तू आणि साधना तिकडं आणि पोर इकडं, हे मला समजतं. नोकरी टाकून कसं चालेल. पण निघताना अंगणात, तिच्या देखत तू साधनाला म्हणालास ते समजलं नाही. "हिला डोकंच नाही. पुढच्या वर्षी निवासी क्लासला टाकतो, तिथं घासून घेतील." भांडं आहे का ती? मी बोलले तर म्हणालास, तुझं खेड्यातलं मास्तरपण तुझ्यापाशी ठेव. ठेवलंय माझ्यापाशीच. आणि तुझी लेक आता त्यातच पहिल्या बाकावर बसते.

आपलं ठरलं ते पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे तुला शब्द फिरवता येणार नाही. मार्चपर्यंत ती माझ्याकडे. तोवर तिला डोकं आहे हे तुला पटलं, तर निवासी क्लासचं नाव काढायचं नाही. नाही पटलं, तर तू म्हणशील तिथं ती जाईल आणि मी अडवणार नाही. पटवायचं कसं ते माझं मी बघते.

साधनाला सांग, केसांना तेल रोज लावते. ती नको म्हणते तरी लावते.

शुभाताई

*

कोळवण, १४ जुलै

इंद्रजित,

निळ्या खुणा दिसल्या आणि खाली तुझा निरोपही. "मार्क कळव." एवढ्या अक्षरांना बोटं किती दुखली असतील. चाचणी ऑगस्टात आहे, तेव्हा आज मार्क नाहीत. त्याऐवजी माझी फजिती ऐक.

शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मी वर्गाला लिहायला सांगितलं: तुम्हाला चांगलं जमतं असं एक काम, आणि ते तुम्ही कसे शिकलात. माझ्या मनात असं, की पोरांना आपण कसे शिकतो हे एकदा कळलं, की मग गणित काय आणि इतिहास काय, त्यांचं त्यांना वाट काढता येईल. या वर्गात ट्रॅक्टर मागं घेणारे आहेत, घरभराच्या भाकरी थापणाऱ्या आहेत, एक जण मोटारीचा आवाज ऐकून सांगतो की पाणी कमी झालंय. मला वाटलं, वह्या कमी पडतील.

वाचायला घेतलं तर सगळ्यांनी अर्ज लिहिले होते. "मी एक गरीब व होतकरू विद्यार्थी असून आपल्या आशीर्वादाने अभ्यासात प्रगती करत आहे, तरी माझा विचार व्हावा ही विनंती." एकमेकांचं बघून नव्हे, ज्याचं त्यानं. स्वतःबद्दल चांगलं लिहा म्हटल्यावर त्यांना वाटलं, बाई स्कॉलरशिपसाठी लिहून घेतायत. दिग्विजयच्या बापाचे दोन फार्महाऊस भाड्यानं जातात. तोही गरीब व होतकरू.

माझं डोकं फिरलं. एकेकाला उभं केलं, तोंडानं सांगा म्हटलं. "काय न्हाई येत, बाई." दुसरी, "मला बी काय न्हाई." शेवटी दिग्विजयनं धीर केला. "बाई, आपल्या तोंडानं आपलं कसं सांगायचं? घरी कळलं तर म्हनतील, लई शाना झालाय." त्याला रागावता येईना. आपल्या घरात तरी काय वेगळं होतं? तुझा पहिला नंबर आला तर आप्पा पाहुण्यांना म्हणायचे, आला आपला कसातरी.

तुझ्या लेकीनं अर्ज लिहिला नाही. नाव, तारीख आणि खाली एक ओळ: "मला काहीच नीट येत नाही." अक्षर सुरेख, साधनावर गेलंय. मी त्या कागदाला लाल पेन लावलं नाही.

शाळेला आता भाताच्या आवणीची सुट्टी लागेल. बघू.

शुभाताई

*

कोळवण, २८ जुलै

इंद्रजित,

आवणी उरकली, सगळी रोपं खाचरात लागली. मस्कतला राहून विसरला असशील, म्हणून सांगते, आपल्याकडं अजून सावडच चालते. आज आपल्या खाचरात सगळी वाडी, उद्या शेजारच्या लीलाबाईंच्या खाचरात आपण. मजूर मिळत नाहीत म्हणून नाही, मजूर मिळाले तरी त्यांना इथल्या खाचरांची खोली माहीत नसते.

तुझी लेक चिखलात उतरली. फोटो पाठवलाय, त्यात गुडघ्यापर्यंत काळी झालेली ती उत्कर्षा. सोबतची उंच मुलगी तृप्ती, तिच्या बाकावर बसते, बौद्धवस्तीतल्या फुलाबाईंची नात. त्यांचं घर आपल्या सावडीत कधी नव्हतं, का ते तुला सांगायला नको. यंदा उत्कर्षानं तिला हाताला धरून आणलं आणि रोप उपटायला आपल्या शेजारी बसवलं. कुणी काही बोललं नाही. मी बोलू दिलंही नसतं.

रोपाच्या जुड्या बांधायला लीलाबाई बसल्या होत्या. तुझी लेक त्यांच्या बांधून ठेवलेल्या जुड्या सोडत बसली. लीलाबाईंनी आरडाओरडा केला. "आगं ये, बांदलेल्या काय सोडतीया? हितं वेळ जातोय आमचा." मीही दोन शब्द सुनावले. ती सोडतच राहिली. दुपारनंतर लीलाबाई तिच्या हातची जुडी ओढून बघत होत्या, ती सुटेना. "कुनी शिकिवली गं तुला?" कुणी नव्हतं शिकवलं. मी मात्र तेव्हा कामाच्या गडबडीत होते, लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते दुसऱ्याच गोष्टीकडं. सावडीत कुणी म्हणत नाही, की मला हे छान येतं. शेजारीच म्हणतो, "हिला जुड्यांवर बसवा", "त्याला बांधाकडनं लावू द्या, त्याची वळ सरळ येती". आणि ज्याचं नाव घेतलं तो उठतो आणि कामाला लागतो. लाजत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बांधावर चहा पिता पिता मला हे दिसलं, आणि चहा गार होईपर्यंत मी तशीच उभी होते. लीलाबाईंना वाटलं, पाय मुरगळला.

शाळा उघडू दे.

शुभाताई

*

कोळवण, १८ ऑगस्ट

इंद्रजित,

आज मला जेवण सुचत नाही, तू वाचच.

शुक्रवारच्या तासाला मी वर्गात सावड लावली. बाकावरच्या शेजाऱ्यानं आधी सांगायचं: मी याला अमुक करताना बघितलंय. मग ज्याचं सांगितलं त्यानं उठायचं आणि फक्त एवढंच बोलायचं, की ते मी कसं करतो. चांगलं करतो का वाईट, ते कुणी विचारायचं नाही. "कसं" एवढाच प्रश्न. पोरांनी नाव ठेवलं, सावडीचा तास.

आणि पोरं बोलायला लागली, इंद्रजित. दिग्विजयचा शेजारी म्हणाला, "ह्यो म्हशीला कविता म्हनून दावतो." हशा झाला. दिग्विजय कानापर्यंत लाल. पण नियम नियम, उठला. म्हणाला, "बसून वाचलं तर माझ्या ध्येनात ऱ्हात न्हाई. चालत मोठ्यानं म्हनलं की ऱ्हातं. घरात म्हनलं की सगळी हसत्यात, म्हनून म्हशीसंगं जातो." माझ्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ म्हणून ठरलेला मुलगा आपल्या अभ्यासाची रीत सांगत होता, आणि ती मला माहीत नव्हती. मग तृप्तीचं निघालं. ती कधीच पहिल्यांदा हात वर करत नाही. म्हणाली, "मी आदी दुसऱ्याचं कुटं चुकतंय ते बघते. मग माझं तितं चुकत न्हाई."

मग तृप्ती उत्कर्षाबद्दल बोलली. "बाई, सांगू का? ही मधल्या सुट्टीत माझं गनिताचं पुस्तक घेती आन् आधी मागची उत्तरं बघती."

 मागून कुणीतरी "कॉपी" म्हणालं. तुझी लेक अशी पांढरी पडली की मी खुर्चीवरून उठलेच. पण तृप्तीचं संपलं नव्हतं. ती मागं वळून म्हणाली, "कॉपी न्हाई. उत्तर बघती आन् मग त्याच्यावरनं उलटं मागं मागं येती, पार गनितापातूर. आवणीला बी तसंच केलं हिनं. बांदलेली जुडी सोडून बघितली, मग बांदली."

मी म्हटलं, उत्कर्षा, सांग, कसं करतेस. ती बराच वेळ उभी राहिली. मी मदत केली नाही. मनात हजारदा आलं, तरी नाही केली. मग ती म्हणाली, "पूर्ण झालेली गोष्ट दिसली की मला ती सोडवून बघता येते. कुठून कुठं गेली ते कळतं. नुसती सुरुवात दिली तर मला काही दिसत नाही, मग भीती वाटते." एवढं बोलली आणि खाली बसली. आठवीतल्या पोरीनं, भर वर्गात.

मी तिला फळ्यावर बोलावलं, एक गणित आणि त्याचं उत्तर लिहून दिलं. ती खालून वर लिहीत गेली, एकेक पायरी, आणि वरच्या ओळीला पोचली. ज्यानं कॉपी म्हटलं होतं तोच म्हणाला, "मला बी दाव." मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला गेले तर तू म्हणशील ताई नाटकी आहे. म्हण. माझी छाती फुगली होती.

आता दुसरं. घरी आल्यावर विचारलं, तुझ्या स्वतःच्या पुस्तकात उत्तरं नाहीत का? तिनं पुस्तक आणून दिलं. शेवटची पानं फाडलेली. "बाबांनी फाडली. उत्तरं बघणं म्हणजे चोरी, म्हणाले." तुला शिव्या द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. तुझ्या जागी शंभरातले नव्वद बाप तेच करतील. पण ती पोर तेव्हापासून स्वतःला चोर समजते, तिची शिकायची एकमेव वाट चोरवाट आहे असं धरून चालते. आणि तू म्हणतोस, डोकं नाही.

नवं पुस्तक आणलंय. सगळ्या पानांचं.

शुभाताई

*

कोळवण, २० ऑक्टोबर

इंद्रजित,

मार्क हवेत ना? सहामाहीला गणितात शंभरपैकी एकसष्ट. चाचणीत वीसपैकी सात होते. मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं, "परीक्षेत उत्तर देत नाहीत, ताई. पुढं काय?" पहिल्यांदा तू बरोबर बोललास, म्हणून राग गिळला.

तुझा प्रश्न मी तिलाच नेऊन दिला. ती म्हणाली, "मला माहितीये. तिथंच मी अडते. बघते काहीतरी." आपल्याला काय येत नाही, हे तिनं रडत सांगितलं नाही, हसतही नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. मला एकसष्टपेक्षा हे मोठं वाटलं. तुला वाटणार नाही, ठीक आहे.

ती आता "लई" म्हणायला लागली आहे. साधनाला आधी सांगून ठेव.

शुभाताई

*

कोळवण, १२ जानेवारी

इंद्रजित,

तू येऊन गेलास. जाताना पाया पडलास, पण निकाल काही सांगितला नाहीस. तू सगळं डोळ्यांनी बघितलंस, तरी लिहिते, कारण तू बघितलंस ते आणि मी बघितलं ते एकच असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी पडवीत तू तिला गणित घातलंस. आयताची परिमिती चोपन्न, लांबी रुंदीपेक्षा तीननं जास्त, बाजू काढ. मी स्वयंपाकघरात होते. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी मळत होते. ती वहीकडं बघत बसली. तू घड्याळ बघितलंस. मग म्हणालास, "बघितलंस ताई?" मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. माझे हात थांबले, पण मी बाहेर आले नाही. आले असते तर मीच बोलले असते, आणि मग सगळं वाया गेलं असतं.

तेव्हा तिचा आवाज आला. "बाबा, मी आधी एक चुकीचं उत्तर धरू?"

तू म्हणालास, "चुकीचं कशाला?"

"मला शेवट दिसल्याशिवाय रस्ता दिसत नाही. परीक्षेत शेवट देत नाहीत. म्हणून मी माझाच एक शेवट धरते. रुंदी दहा धरली. मग लांबी तेरा, परिमिती शेहेचाळीस. आठ कमी पडले. चार बाजूंना वाटले तर दोन-दोन. रुंदी बारा, लांबी पंधरा." आणि मग तुला सांगितलं, "उत्तर चुकलं तरी चालतं, बाबा. कितीनं चुकलं ते बघायचं."

तू म्हणालास, "ही पद्धत पुस्तकात नाही." ती म्हणाली, "नाही. माझी आहे." तू उठून अंगणात गेलास. बराच वेळ गाडीची काच पुसत होतास, ती स्वच्छच होती. तुला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

ही रीत तिला मी शिकवली नाही, हे तुला माहीत असावं. सहामाहीनंतर ती आणि तृप्ती रोज मधल्या सुट्टीत डोकी जुळवून बसायच्या. एकीनं मुद्दाम चुकायचं, दुसरीनं चूक कुठं ते धरायचं. दोघींच्या दोन रीती, त्यांची त्यांनीच सावड केली. मलाही ते एका शुक्रवारी, सावडीच्या तासाला, वर्गाबरोबरच कळलं.

दुसऱ्या दिवशी तू तिला तो निवासी क्लास दाखवायला नेलंस. तिथलं मला तिनं रात्री जेवताना सांगितलं. तिथल्या सरांनी तिला मार्क विचारले, तिनं सांगितले. मग तिनंच त्यांना विचारलं, "सर, इथं मुलांना आधी उत्तर बघून मग उलटं सोडवू देतात का?" सर म्हणाले, इथं सगळ्यांना एकाच पद्धतीनं करावं लागतं. ती म्हणाली, "मग मला इथं येऊन उपयोग नाही, सर. तुमचाही वेळ जाईल." उद्धटपणे बोलली का, मी विचारलं. "नाही आत्या, तुझ्याशी बोलते तशीच बोलले." तू शेजारी बसला होतास. येताना पौडला गाडी थांबवून तिला भेळ घेऊन दिलीस म्हणे.

गेल्या वर्षी मस्कतला याच पोरीला नाव विचारलं तर सांगता येईना. मला आता तुझा निकाल पाहिजे. दोन शब्दांत दिलास तरी चालेल.

शुभाताई

*

कोळवण, १६ फेब्रुवारी

इंद्रजित,

तुझं पत्र आलं. चांगलं पानभर, हातानं लिहिलेलं. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायांचं, पण मी दोनदा वाचलं.

क्लासला टाकत नाहीस. ठीक. मी जिंकले, हे मी तुला ऐकवणार होते, कितीतरी महिने वाक्य तयार होतं. पण तुझ्या पत्रात खाली आणखी चार ओळी होत्या. मस्कतच्या शाळेत तू पुन्हा जाऊन बोललास, ते तिची पुन्हा मुलाखत घ्यायला तयार आहेत, ती तयार आहे का विचार.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी तोंडानं मार्चपर्यंतचं मागितलं होतं आणि मनात दहावीपर्यंतचं धरलं होतं. तिच्यासाठी माडीवरची खोली रंगवायला काढली होती. आता सांगून टाकते, तुझं पत्र आल्यावर मी रंगाऱ्याला परत पाठवलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

रात्री तिला विचारलं. तिनं लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, "तिथं कसं शिकवतात?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "मग मीच विचारते त्यांना," म्हणाली, आणि मग हळूच, "मला आईकडं जायचंय, आत्या. तुला चालेल?" मी चालेल म्हटलं. खोटं बोलले नाही, थोडं घाईनं बोलले इतकंच.

मुलाखतीची तारीख कळव.

शुभाताई

*

कोळवण, २३ मार्च

इंद्रजित,

निकाल तुला शाळेकडून कळलाच असेल, तिला घेतलं. पण मुलाखत कशी झाली ते तुला कुणी सांगणार नाही, ते मी सांगते.

गावात नेट धड लागत नाही, म्हणून शाळेच्या गच्चीवर बसवलं. हेडसरांनी आपला लॅपटॉप दिला. तृप्ती जिन्यात उभी, कुणाला वर येऊ देत नव्हती. मी पाण्याच्या टाकीआड बसले होते, मी तिला दिसणार नाही पण मला ऐकू येईल अशी. पलीकडं तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. इंग्रजीत बोलत होत्या, उत्कर्षा कधी इंग्रजीत, अडलं की हिंदीत.

त्यांनी विचारलं, गेल्या वर्षी तू काहीच बोलली नाहीस, यंदा काय बदललं? ती म्हणाली, तेव्हा मला मी कशी शिकते ते सांगता येत नव्हतं. मग तिनं सांगितलं. शेवटाकडून मागं येण्याचं, शेवट नसेल तर चुकीचा शेवट धरण्याचं, आणि हेही, की नवीन भाषेचा पहिला धडा मला फार जड जातो, तेव्हा सुरुवातीला थोडा वेळ द्यावा लागेल. काय येतं तेही आणि काय येत नाही तेही, एकाच आवाजात. मी तुझ्या लेकीचं ऐकत होते, आणि मला वाटत होतं की गच्चीवरून ओरडून अख्ख्या कोळवणला सांगावं, ही आमची आहे. आपल्या तोंडानं आपलं कसं सांगायचं, हे मीही अजून शिकते आहे.

मग त्यांनी विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं?

इंद्रजित, तुझ्यापाशी काय लपवायचं. मी टाकीआड सरळ होऊन बसले. पदर नीट केला. मला माझं नाव ऐकायचं होतं.

ती थोडा विचार करून म्हणाली, "कुणी नाही, मॅडम. मला आधीपासूनच येत होतं. मला फक्त माहीत नव्हतं."

इतकी वर्षं शिकवते आहे. इतकं बरोबर उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी तिथंच टाकीला टेकून रडले, आणि तुझी शपथ, त्यातलं बरंचसं अभिमानाचं होतं.

तिला न्यायला तू स्वतः ये.

शुभाताई